भिंगरीचा बिल्ला

१२ ऑक्टोबर

आई,

'प्रिय' लिहावं की 'तीर्थरूप' यावर पेन अडलं, म्हणून नुसतं आई. फोनवर बाबाच येतात. "आई कामात आहे" म्हणतात, आणि मागून तू भांडी आपटतेस ते मला इथवर ऐकू येतं. म्हणून पत्र लिहितेय. माझ्याशी अबोला धरणं तुला जमेल, पण घरात आलेला लिहिलेला कागद न वाचता टाकून देणं जमायचं नाही. सामानाच्या पुडीचा कागदसुद्धा तू उलटसुलट वाचून मगच टाकतेस.

आम्ही दोघी ठणठणीत आहोत. तुझी लाडकी भाची तर जरा जास्तच. भिंगरीला मामाने हे नाव पाळण्यात ठेवलं नसलं तरी तिचं खरं नाव आता तिलाही आठवत नसेल. मला ती इथेही सगळ्यांसमोर 'आजीबाई' म्हणते. लोकांना वाटतं तेच माझं नाव.

गेला महिना आम्ही एका डोंगरातल्या लॉजवर काम करतोय. वर खिंड आहे, तिच्या पायथ्याशी हे दोन मजली लॉज. डोंगर चढायला येणारे इथे मुक्काम करतात. आम्हाला राहणं-जेवण मिळतं आणि त्याबदल्यात काम. भिंगरी स्वयंपाकघरात बटाटे सोलते, मी चादरी धुते, वाळवते, घड्या घालते. घरी सांगून सांगून थकलीस तरी मी कधी चादरीचे कोपरे जुळवले नाहीत. आता डोळे मिटून जुळवते. हस, मी बघत नाहीये.

निघताना तू जे बोललीस ते मला पाठ आहे. "मेडिकलची सीट मिळाली, आणि ही म्हणते जागा राखून ठेवा, मी वर्षभर जग फिरून येते! विद्यापीठ आहे की बसमधली खिडकी, रुमाल टाकून जायला?" बाबा हसले आणि तू त्यांच्यावरही उखडलीस. पण आई, विद्यापीठाने लेखी दिलंय. जागा पुढच्या वर्षी माझीच आहे. बारावीची दोन वर्षं मी पुस्तकातून मान वर केली नव्हती. मला एकदा मान वर करायची होती, एवढंच. ते तुला नीट सांगता आलं नाही, मी पण आवाज चढवला.

आणि खरा राग तुला माझा नव्हता, मामाच्या पोरीला मी नादी लावलं याचा होता, हे मला कळतं. उलट आहे गं. तिनेच मला लावलं. मामा तिला एकटीला कधीच सोडणार नव्हता. मामी गेल्यापासून ती दहा मिनिटं उशिरा आली तरी तो फाटकाशी उभा असतो. "आजीबाई बरोबर आहे ना? मग जा," एवढंच म्हणाला. तेव्हा ती माझ्या गळ्यात पडली.

तुला आवडेल अशी एक गोष्ट सांगते. इथे दाराजवळ एक फळा आहे. त्यावर प्रत्येकाचा लाकडी बिल्ला, एका बाजूने पांढरा, दुसऱ्या बाजूने लाल. डोंगरावर जाताना लाल बाजू पुढे करायची, परत आलं की पांढरी. अंधार पडायच्या आत मालकीण फळ्यासमोर येऊन उभी राहते. एकही लाल दिसला तर शोधपथकाला फोन. मी बघताक्षणी म्हटलं, ही तर आईची लॅम्परूम! खाणीत उतरणाऱ्याला दिवा देताना तू बिल्ला घेतेस आणि पाळी संपली की बिल्ल्यावर बिल्ला ताडून बघतेस, अगदी तसंच. मालकीणही तुझ्यासारखीच. बोलते कमी, आणि कामाला असलेल्या कुणी न सांगता रात्र बाहेर काढली तर त्याला दुसऱ्या दिवशी सामानासकट खाली पाठवते. त्यात तडजोड नाही. इथली भाषा मी आधी शिकून आले म्हणून तिचं बोलणं मला कळतं. भिंगरीचा सगळा कारभार हातवाऱ्यांवर चालतो.

शाळेत तिची हजेरी मी द्यायचे, आठवतं ना? बाईंपुढे तूच मान खाली घालून उभी होतीस. इथे तसलं काही करत नाही, निर्धास्त राहा.

खाली भिंगरीच्या दोन ओळी आहेत. अक्षर लागलं तर वाच.

तुझी,
मी


९ नोव्हेंबर

आई,

उत्तर आलं नाही, पण पत्र तू दोनदा वाचलंस असं बाबा म्हणाले. चला, एवढं तर झालं.

या वेळी भिंगरीच्या ओळी नाहीत. तिला ताप आहे. काळजीचं काही नाही, थंडी बाधली असेल. झोपून आहे. सकाळी मालकिणीला मी तसं सांगितलं, तर तिने गरम सूप आणि पाव दिला. ताट मी वर आणते आणि रिकामं खाली नेते. "तापात एवढी भूक? चांगलंय," असं मालकीण म्हणाली. चेष्टेने म्हणाली की कशी, ते चेहऱ्यावरून कळत नाही. तुझंही कळत नाही.

माझं पोट दुपारपासून गच्च झालंय.

कालपासून धुकं आहे. दुपारी जेवणानंतर थोडा वेळ उघडलं होतं, खिंड अगदी स्वच्छ दिसत होती, वर कुणी चालत असतं तर दिसलं असतं. मग पुन्हा सगळं पांढरं. मी खिडकीशी बसून लिहितेय, म्हणून हे हवामान तुझ्या माथी मारतेय.

चादरी वाळत नाहीत. आज एकही घडी धड झाली नाही, मालकिणीने दोन परत उलगडून दिल्या.

तुला एक विचारायचं होतं. लॅम्परूममध्ये एखादा वेळेवर वर नाही आला, तर तू किती वेळ थांबतेस? म्हणजे लगेच भोंगा वाजवतेस, की असेल कुठेतरी गप्पा मारत म्हणून जरा वाट बघतेस? सहज विचारतेय.

जिन्यावर मालकिणीची पावलं वाजली. थांबली. परत गेली. पत्र उद्या पुरं करते.


१० नोव्हेंबर, सकाळ

आई,

वरचं पान मी फाडणार होते. नाही फाडत. तू बघ, तुझी मुलगी किती सफाईने थापा मारते ते.

भिंगरीला ताप नाही. भिंगरी खोलीत नाहीच. ती परवा सकाळी गेली. तिची सुट्टी होती. खिंडीपलीकडे एक तळं आहे, त्याच्या काठाला दगडी खोपटं आहे, तिथे रात्र काढून तळ्यावरचा सूर्योदय बघायचा आणि दुसऱ्या दिवशी जेवायला परत, असा तिचा बेत. एकटीने रात्री राहायला मालकीण कधीच परवानगी देणार नाही. म्हणून तिने विचारलंच नाही. जाताना मला म्हणाली, "आजीबाई, संध्याकाळी माझा बिल्ला फिरव. एक रात्र, मरते का मी!" मी नाही म्हटलं. मग ती रुसली. मग मी हो म्हटलं. आमचं कायम असंच होतं.

परवा संध्याकाळी मी तिचा लाल बिल्ला पांढरा केला. मालकीण आली, फळ्यावर नजर टाकली आणि दाराला कडी घातली.

काल दुपारी ती जेवायला आली नाही. मी म्हटलं, धुक्यामुळे थांबली असेल. सकाळी तिची कामाची पाळी होती, तेव्हाच तापाची थाप मारून झाली होती. एकदा ताप म्हटलं की ताट आलं, आणि ताट आलं की ते रिकामं करणं आलं. दोन्ही वेळची दोन दोन ताटं मी जेवले. पलंगावर बसून, दार लावून जेवले, ती पलीकडे काय खात असेल हे माहीत नसताना.

दुपारी उघडलं तेव्हा मी सांगायला खाली गेले होते. अर्ध्या जिन्यावरून परत आले. का, तेही लिहिते. मालकिणीची भीती वाटली असं मी स्वतःला सांगत होते. आई, मला तुझी भीती वाटली. हाकललं की आमचा इथे काम करायचा परवानाही जाणार, म्हणजे वर्षाऐवजी तीन महिन्यांत घरी. तू दार उघडशील, बॅग हातातून घेशील, एक शब्द बोलणार नाहीस, आणि तुझं म्हणणं खरं ठरलेलं असेल. त्या तोंडघशी पडण्यापेक्षा भिंगरी आत्ता येईल, मग येईल असं म्हणत बसणं मला सोपं गेलं. संध्याकाळी पुन्हा मालकीण फळ्यासमोर उभी राहिली आणि मी तिच्या मागे चादरी घेऊन उभी होते. बिल्ला पांढरा होता. मी गप्प राहिले.

रात्री बर्फ पडलं.

कालच्या पानावर मी तुला जो प्रश्न विचारला, तो लिहिताना मला तुझं उत्तर माहीत होतं. तू एक मिनिटही थांबत नाहीस. एकदा एक जण वर येऊन परस्पर घरी गेला होता आणि तू सगळी पाळी थांबवलीस, सगळे तुला बोलले, तरी पुढच्या वेळी तू तेच केलंस. तुझ्यासमोर बसल्यासारखं ते आठवलं आणि 'झोपून आहे' यापलीकडे तिच्याबद्दल मला एक खरं अक्षर लिहिता येईना.

खाली न्याहारीच्या बश्या वाजतायत. सगळे तिथेच आहेत. मी जाते.


१२ नोव्हेंबर

सापडली. जिवंत आहे. आधी हे लिहिते, कारण आपण सगळ्याजणी पत्राचा शेवट आधी बघतो.

परवा मी खाली गेले, सगळ्यांसमोर तिचा बिल्ला काढला आणि लाल करून टांगला. मालकीण किटली हातात घेऊन उभी होती.

"आज गेली?"

"नाही."

"काल?"

"त्याच्या आदल्या दिवशी."

तिने किटली टेबलावर ठेवली. वाटलं आता थोबाडीत बसणार. बसली असती तर बरं झालं असतं. पण तिने फोन उचलला आणि माझ्याकडे पाठ करून बोलू लागली. बोलणं संपल्यावर म्हणाली, "पंधरा माणसं येतील. ओलीचिंब होऊन परत येतील. कोरड्या चादरी, गरम पाणी, चहा. चल." दिवसभर तिने मला बसू दिलं नाही. मी मध्येच रडायला लागले, तर "पाणी उकळलं का बघ," म्हणाली. तिचे उपकार आहेत, बसले असते तर वेड लागलं असतं.

दुपार कलल्यावर फोन आला. खोपट्यापर्यंत ती पोचलीच नव्हती. खिंडीच्या पलीकडच्या उतारावर पहिल्याच दिवशी पाय मुरगळून पडली, घोटा मोडला. एका कपारीत सरकून बसली होती. तिथेच सापडली. तिला थेट खालच्या शहरातल्या हॉस्पिटलात नेलं. पाय थंडीने गोठलाय, बोटं वाचतील की नाही सांगता येत नाही, म्हणाले.

मी बाबांना फोन केला. मामाला त्यांनी कळवलं. बाबांना मी फक्त 'पडली' एवढंच सांगितलं. खरं होतं, पण पुरतं नव्हतं.

मालकिणीने मला हाकललं नाही. "तिच्याजवळ कुणीतरी हवं. तिचं सामान मी आणून देते. तुझं तू घे," एवढंच म्हणाली.


१९ नोव्हेंबर

आई,

डाव्या पायाची तीन बोटं काढली. अंगठा वाचला. अंगठा असला की तोल सांभाळता येतो, डॉक्टर म्हणाले. पुढे मेडिकलला मी हे शिकेन तेव्हा मला पुस्तकाची गरज पडणार नाही.

मामा यायच्या आदल्या दिवशी भिंगरी पहिल्यांदा नीट बोलली. मी तिच्या पायाकडे बघायचं टाळत होते. ती म्हणाली, "बघ की, चावत नाही." मग म्हणाली, "दुसऱ्या दिवशी दुपारी उघडलं होतं. काठीचा आधार घेऊन पायवाटेपर्यंत आले असते गं. दोनशे पावलं असेल. पण मालकीण पहिल्याच दिवशी म्हणाली होती ना, हरवलात तर जागा सोडू नका. मी म्हटलं, जेवायला गेले नाही म्हणजे आजीबाईने आतापर्यंत सांगितलंच असणार. शोधायला निघालेच असतील. मी हलले आणि चुकामूक झाली तर?"

मी तिच्या पांघरुणाचे कोपरे जुळवत राहिले.

"सांगितलंस ना तू? दुपारी?"

आई, मी मान हलवली. नाही म्हणून. ती छताकडे बघू लागली. बोटं गेली ती दुसऱ्या रात्री, पहिल्या नाही. हे डॉक्टर म्हणाले तेव्हा तीही ऐकत होती, फक्त तिला भाषा कळली नव्हती. ती गोष्ट मी तिला समजावून सांगितली. सगळी.

दुसऱ्या दिवशी मामा आला. दाढी वाढलेली, स्वेटर उलटा. लेकीच्या उशाशी बसला आणि विचारलं, "इतका वेळ कसा लागला शोधायला?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात भिंगरी म्हणाली, "आजीबाईने लगेच सांगितलं, बाबा. त्याच संध्याकाळी. त्या लॉजवाल्या बाईनेच उशीर लावला." माझ्याकडे तिने बघितलंही नाही. मामाने उठून माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तू होतीस म्हणून," म्हणाला.

दोन दिवस मी तो हात डोक्यावर घेऊन फिरले. त्याला चहा आणून दिला, औषधांच्या चिठ्ठ्या वाचून दाखवल्या, डॉक्टरांचं बोलणं समजावून सांगितलं. त्याला इथलं एक अक्षर येत नाही. मालकिणीचं नाव निघालं की त्याची मूठ आवळायची. "त्या बाईला सोडणार नाही," म्हणायचा. त्याला इतक्या खुनशी आवाजात बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. भिंगरीला मी एकटीला गाठून म्हटलं, हे बरोबर नाही. ती म्हणाली, "गप्प बस. तुला तो माफ करणार नाही. मला माहीत आहे तो कसा आहे."

आज सकाळी मालकीण आली. डोंगरावरून पहिल्या गाडीने, भिंगरीची बॅग घेऊन. कपडे धुऊन घड्या घालून आणले होते. वॉर्डबाहेर मामा आडवा उभा राहिला.

"हिला विचार," तो मला म्हणाला, "पोरगी संध्याकाळी आली नाही हे कळल्यावर दोन रात्री काय करत होतीस? झोपली होतीस? विचार. हेच शब्द विचार."

मालकीण माझ्याकडे बघत थांबली. "काय म्हणतायत?"

त्या दोघांमध्ये भाषा येणारी मी एकटी. मी तिला म्हणू शकले असते, ते तुमचे आभार मानतायत. मामाला म्हणू शकले असते, ती माफी मागतेय. दोघांनीही ते पटकन खरं मानलं असतं आणि मालकीण दुपारच्या गाडीने परत गेली असती. आई, माझ्या तोंडात ते शब्द तयार होते. इतके तयार होते की मला स्वतःचीच किळस आली.

मी मामाकडे वळले. म्हटलं, "मामा, तिला माहीतच नव्हतं. भिंगरी आत आली अशी खूण मी फळ्यावर केली. पहिल्या संध्याकाळी केली, दुसऱ्या संध्याकाळी तशीच राहू दिली. तिला ताप आहे असंही मीच सांगितलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी खरं सांगितलं आणि त्याच दुपारी हिने तिला शोधून आणलं."

त्याला आधी कळलंच नाही. "भिंगरी तर म्हणाली..."

"मला वाचवायला म्हणाली."

तो भिंतीला टेकला. म्हणाला, "दुसऱ्या दिवशी उघडलं होतं म्हणाली ती. दुपारी. तेव्हा तुला माहीत होतं ती आली नाही?"

"हो."

"आणि तू काय करत होतीस?"

"जेवत होते, मामा."

मी हे का सांगितलं कळत नाही. पण त्याने विचारलं होतं.

त्याने मालकिणीच्या हातातली बॅग घेतली. तिच्याकडे बघून मान लववली, अगदी खाली. मग माझ्या बाजूने, मला स्पर्श होणार नाही असा, आत निघून गेला.

"काय म्हणाले?" मालकिणीने विचारलं.

"काही नाही म्हणाले," मी सांगितलं. तिने माझा खांदा धरला, एकदा दाबला, आणि ती गेली.

ही सगळी पानं एकाच पाकिटात घालतेय, तापाचं पानही. बाबांना मघाशी फोनवर सगळं सांगितलं, म्हणजे हे पोचेल तेव्हा तुला नवं काही नसेल. तरी माझ्या अक्षरात तुझ्याकडे असू दे. मला काय बोलायचं ते तू बोल, किंवा बोलू नकोस, मी ऐकून घेईन. भिंगरी चालायला लागेपर्यंत मी इथून हलणार नाही. मामाने नको म्हटलं तरी वॉर्डबाहेरच्या बाकावर बसेन, डॉक्टर काय म्हणतात ते सांगायला कुणीतरी लागेलच. दुपारी डॉक्टर आले तेव्हा त्यांचं सगळं बोलणं मी मामाला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, भिंतीकडे बघत.

तुझ्याकडे एवढंच मागते. मामा रोज फोन करेल. तू स्वतः उचल आणि त्याला बोलू दे, मला कितीही शिव्या घालत असला तरी मध्ये तोडू नकोस. भिंगरी औषधांनी दिवसभर झोपेत असते. त्याला कुणाशी तरी आपल्या भाषेत बोलायला हवं, आणि या सगळ्या शहरात तसं माणूस त्याला मी एकटीच आहे.